एप्रिलमध्ये पावसाळी गटार का वाहतं?

सप्रेम नमस्कार,

आमची सोसायटी कात्रजच्या बाजूला, आंबील ओढ्याला लागून आहे. चार इमारती, एकराच्या आसपास जागा, बांधून पंधरा-सोळा वर्षं झाली. यंदा सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलंय. मागच्या भिंतीपलीकडे ओढ्याला भर उन्हाळ्यातही फेसाळ, वास मारणारं पाणी असतं. आमच्या आवारातल्या पावसाळी जाळ्यांमध्ये गाड्या धुतलेलं पाणी जातं, झाडणारे मामा पाला लोटतात, आणि एका फ्लॅटचं रिनोव्हेशन चाललंय, त्याचा गवंडी रोज संध्याकाळी घमेली तिथेच धुतो. मी ग्रुपवर लिहिलं तर अध्यक्ष काका म्हणाले, "अहो, पाऊस पडला की सगळं वाहून जातं, त्यासाठीच तर गटार आहे. आणि ओढा खालच्या वस्तीतले लोक घाण करतात, त्यांना जाऊन सांगा." गेटबाहेर एक गॅरेज आहे, त्याची महापालिकेत तक्रार करा असं काहींचं म्हणणं. कोणी म्हणतं दंड लावा, कोणी म्हणतं फलक लावा. जूनच्या आत काहीतरी करायचंय. सुरुवात कुठून करू?

– एक सेक्रेटरी, पुणे

सेक्रेटरीबाई, नमस्कार.

फलक, दंड, तक्रार हे तिन्ही नंतर. आधी एक झाकण उघडा.

गेल्या आठ-दहा दिवसांत पावसाचा थेंब पडलेला नाही अशी एखादी सकाळ निवडा. वेळ साधारण आठ ते दहा, आवारात गाड्या धुणं चालू नसताना. आवारातलं पावसाळी पाणी जिथे गोळा होऊन भिंतीबाहेर जातं, त्या शेवटच्या चेंबरचं झाकण प्लंबरला उचलायला सांगा आणि नुसतं वरून बघा. वाहिनी पावसाळी आहे आणि पाऊस नाही, म्हणजे ती कोरडी ठणठणीत हवी. ती वाहत असेल, वर साबणाचा फेस असेल, तर ते पाणी कुणा मामांनी किंवा गवंड्याने ओतलेलं नाही. ते तुमच्याच बिऱ्हाडांतून येतंय, आणि रोज येतंय.

त्या वयाच्या पुण्यातल्या इमारतींत हे अगदी सर्रास आढळतं. कारण असते ती ड्राय बाल्कनी, म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली छोटी बाल्कनी. बिल्डरने तिथे दिलेला पाइप बाल्कनीत येणारं पावसाचं पाणी खाली नेण्यापुरता असतो. पुढे कुणीतरी तिथे वॉशिंग मशीन ठेवलं, बसवायला आलेल्या माणसाने नळी त्या भोकात सोडली, काम झालं. वरच्यांनी पाहिलं, त्यांनीही तेच केलं. काही घरांत भांडी घासायचं सिंकही तिथेच येतं. हे पाणी बाथरूमच्या वाहिनीला मिळायला हवं होतं, ते मिळालं गच्चीच्या पाइपाला. यात कुणाचा दुष्टावा नाही. आपल्या मशीनचं पाणी कुठे जातं हे बहुतेकांना माहीतच नसतं, कारण ते दिसेनासं होतं तेवढं पुरतं.

काकांना द्यायचं उत्तरही इथेच आहे. तुमच्या आवारातून दोन वेगळ्या वाहिन्या बाहेर पडतात. संडास, बाथरूम, स्वयंपाकघराची ती ड्रेनेज लाइन, मैलापाणी शुद्धीकरण केंद्राकडे जाणारी. (ती तिथपर्यंत खरंच पोचते का, या विषयावर मी लिहायला बसले तर तुमचा जून निघून जाईल.) दुसरी पावसाळी. तिच्या वाटेवर कुठलंही केंद्र नाही. जाळीत पडलं ते ओढ्यात, ओढ्यातून दांडेकर पुलाखालून मुठेत, संगमावर मुळा-मुठा होऊन पुढे रांजणगाव सांडसजवळ भीमेत, आणि भीमेतून उजनीच्या धरणात. उजनीचं पाणी सोलापूर शहर पितं. धरणाखाली तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. तेव्हा काकांना म्हणा, वाहून जातं हे तुमचं अगदी बरोबर. कुठे जातं तेवढा पत्ता घ्या. काका आषाढीला जाणारे असतील तर जास्त बोलावं लागणार नाही.

कोणत्या पाइपाने गडबड केली आहे हे शोधणं अवघड नाही. खायचा रंग आणा. एका घराच्या बाल्कनीतल्या भोकात बादलीभर रंगीत पाणी सोडा, खाली पावसाळी चेंबरपाशी एक माणूस उभा करा. रंग तिथे उमटला की तो उभा पाइप नकाशावर लाल करा. एका ओळीतल्या सगळ्या मजल्यांचा पाइप एकच असतो, म्हणून घरोघर फिरायची गरज नाही. दर ओळीला एक घर पुरे. आणि दुरुस्तीही बहुधा घरोघर नाही, ओळीगणिकच होते: मशीनसाठी वेगळा उभा पाइप टाकून तो खाली ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचा, गच्चीचा पाइप गच्चीपुरता ठेवायचा. मध्ये पाण्याचा सापळा (पाणी साठून राहणारा, वास अडवणारा पाइपाचा बाक) मात्र द्यायला लावा, नाहीतर ड्रेनेजचा वास बाल्कनीत येईल आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी नळी पुन्हा जुन्या भोकात सोडेल. खर्च सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून करा. एकेका घरावर बिल फाडायला गेलात तर "आमच्या आधीच्या मालकाने केलंय" हे ऐकण्यात वर्ष जाईल.

एक गोष्ट कडकपणे सांगते. झाकण उघडायचं, वरून बघायचं, थोडा वेळ तसंच उघडं ठेवायचं. पण माणूस आत उतरवायचा नाही. प्लंबर स्वतः म्हणाला "ताई, दोन मिनिटांचं काम आहे" तरी नाही. बंद चेंबरमध्ये साठलेला वायू दोन मिनिटंही देत नाही. गटारं आणि सेप्टिक टँक माणसाकडून धोकादायक पद्धतीने साफ करून घेण्याला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जबाबदारी काम सांगणाऱ्यावर येते. म्हणजे तुमच्यावर. गाळ काढायचा तर यंत्राची गाडी बोलवा.

रंगाची चाचणी चालू असताना उलटी चूकही तपासून घ्या: गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडलेलं नाही ना? जुलैमध्ये तळमजल्याच्या बाथरूममध्ये घाण पाणी उलटं येतं अशी तक्रार असेल तर हा संशय पक्का समजा. मैलापाण्याची वाहिनी घरांतल्या वापराच्या हिशेबाने बांधलेली असते. तिच्यात गच्च्या रिकाम्या केल्या की झाकणं उडतात आणि रस्त्यावर आलेला मैला शेवटी पावसाळी जाळीतच शिरतो.

तुमच्या सोसायटीत रेन वॉटर हार्वेस्टिंग असेल, तर हा विषय ओढ्याच्याही आधी तुमच्या घरात येतो. बऱ्याच ठिकाणी गच्चीचा पाइप फिल्टरमधून थेट बोअरवेलमध्ये सोडलेला असतो. त्या पाइपाला वॉशिंग मशीन जोडलेलं असेल, तर तुम्ही वर्षभर साबणाचं पाणी स्वतःच्या बोअरमध्ये भरत आहात. मातीतून झिरपत गेलेल्या पाण्याला वाटेत थोडीफार गाळणी मिळते. बोअरमध्ये थेट सोडलेल्याला काहीच मिळत नाही. पार्किंगच्या फरशीवरचं पाणीही बोअरमध्ये सोडलेलं कधीकधी दिसतं, तेही तोडायला सांगा. बोअरला फक्त गच्ची, तीही झाडलेली, आणि हंगामातल्या पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी व्हॉल्व्हने बाहेर काढल्यानंतरची.

पहिला पाऊस म्हटला की आपल्याला मातीचा वास आठवतो. ओढ्यातल्या जिवाला आठवत असेल ते वेगळंच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत रस्त्यावर, पार्किंगमध्ये जे साठतं, म्हणजे ठिबकलेलं ऑइल, टायरची झीज, ब्रेकची भुकटी, पानाच्या पिचकाऱ्या, कुत्र्यांची घाण, ते सगळं वळवाची एखादी सर अर्ध्या तासात उचलून ओढ्यात नेऊन टाकते. त्या वेळी ओढ्यात पाणीही फारसं नसतं, त्यामुळे घाण पातळ व्हायला वाव नाही. कुजणारा माल एकदम आला की पाण्यातला प्राणवायू संपतो. आणि नेमके हेच दिवस मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढायचे असतात. गावाकडची माणसं चढणीचे मासे धरायला ज्या पावसाची वाट बघतात, तोच पाऊस शहराखालच्या नदीत माशांना मारतो. म्हणून आवाराची मोठी सफाई मेच्या मध्यात करा, आणि कोरडी करा. झाडू, फावडं, पोती. पाइप लावून अंगण धुणं ही सफाई नव्हे, ती घाणीची रवानगी आहे.

आता गाड्या. यावर सोसायटीत सर्वांत जास्त आवाज चढेल, म्हणून पाइपाचं काम सुरू झाल्याखेरीज हा विषय काढू नका. मशीनचं पाणी ओढ्यात सोडणाऱ्यांनी गाडीवाल्यांना शिकवायचं म्हणजे अवघडच. बंदी घालू नका, जागा ठरवून द्या. इमारतीखालच्या छताच्या पार्किंगमधला एक कोपरा धुण्यासाठी ठेवा, तिथलं पाणी छोट्या ऑइल ट्रॅपमधून ड्रेनेजला जोडा. छताखालीच हवा, उघड्यावर नको, नाहीतर पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये भरायची मघाचीच चूक होईल. नुसत्या धुळीसाठी ओल्या फडक्याने पुसणं पुरतं, तेही बादलीतलं पाणी जाळीत न ओतता झाडांच्या आळ्यात टाकून. गाड्या पुसणाऱ्या मुलाला हे एकदा नीट समजावून सांगा आणि बादली रिकामी करायची जागा दाखवा. साबणाचा आग्रह त्याचा नसतो, मालकांचा असतो.

गवंड्याचं काम याहून सोपं आहे आणि याहून तातडीचं. सिमेंटचं पाणी साधं गढूळ पाणी नव्हे. त्याचा सामू (pH) १२ च्या आसपास असतो, चुन्याच्या निवळीइतका. माशांचे कल्ले त्याने भाजतात. शिवाय ते तुमच्याच पाइपात बसून दगड होतं, आणि तो दगड यंत्राच्या गाडीलाही निघत नाही. फरशी घासल्याचा चिखल, टाइल कापल्याची पेस्ट यांची तीच गत. गवंड्याला एक जुना ड्रम द्या. घमेली, थापी त्यातच धुवायची, रात्रभर गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी दुसऱ्या दिवशी माल कालवायला वापरायचं, खालचा गाळ वाळवून राडारोड्याच्या पोत्यात. यात गवंड्याचं पाणी वाचतं, म्हणून तो सहसा नाही म्हणत नाही. रंगाऱ्याला थिनरचा डबा वेगळा ठेवायला सांगा. आणि यापुढे रिनोव्हेशनची परवानगी देताना फ्लॅटमालकाकडून अनामत घ्या, काम संपल्यावर जाळ्या बघून परत करा. तोंडी विनंतीपेक्षा अनामत जास्त चांगली लक्षात राहते.

झाडणाऱ्या मामांना मात्र बोल लावू नका. त्यांचा मुकादम स्वच्छ रस्ता बघतो, जाळी बघत नाही. पाला टाकायला कुणी जागा दिलेली नाही, तर तो जाळीतच जाणार. मागच्या भिंतीशी विटांचा किंवा तारेच्या जाळीचा एक हौद करून द्या, पाला तिथे, वर थोडी माती आणि अधूनमधून पाणी. पुढच्या वर्षी कुंड्यांना खत होईल. बागेला विकतचं खत घालत असाल तर पाऊस तोंडावर असताना घालू नका. युरिया झाडाला लागण्याआधी ओढ्याला लागतो, आणि नदीवर जी जलपर्णी माजलेली दिसते तिला साबण, मैला आणि खत यांतूनच खाणं मिळतं.

गॅरेजबद्दल. जळकं ऑइल विकलं जातं, त्यामुळे शहाणा गॅरेजवाला ते जाळीत ओतत नाही. जाळीत जातं ते सांडलेलं, आणि डिझेलने पार्ट धुतलेलं. आधी त्याच्याशी बोला, शक्यतो त्याच्याकडे गाडी टाकणाऱ्या सभासदाला बरोबर घेऊन. सांडलेल्या ऑइलवर लाकडाचा भुसा टाकून तो झाडून पोत्यात भरायचा आणि पार्ट ट्रेमध्ये धुवायचे, एवढीच मागणी. भुशाचं पहिलं पोतं सोसायटीने दिलं तरी चालेल. तक्रारीचा रस्ता उघडा आहेच, पण तुमच्या चेंबरमधून फेस वाहत असताना तुम्ही त्याच्यावर अर्ज केलात, आणि पाहणीला आलेल्या निरीक्षकाने आधी तुमचंच झाकण उचलायला सांगितलं, तर?

एवढं झाल्यावर उरतं ते निव्वळ पाणी, आणि ते थोडं नसतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमची जागा एकर म्हणजे सुमारे ४,००० चौरस मीटर, पुण्याचा पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर. हिशेब २८ लाख लिटरचा होतो. आवार फरशीबंद असेल तर यातलं बरंचसं जोराने ओढ्यात जातं, वाटेतली घाण घेऊन. शक्य तिथे फरशीच्या दोन-तीन ओळी उखडून खोलगट वाफा करा, खाली खडी, वर वाळूमिश्रित माती, कडेने कर्दळ आणि वाळा. पाणी आधी वाफ्यात, जास्तीचं जाळीत. पण त्याआधी तिथे दोन फूट खड्डा खणून पाण्याने भरून बघा. दोन दिवसांतही जिरलं नाही तर खाली काळा पाषाण आहे, तिथे वाफा करू नका. साठलेल्या पाण्यात आठवडाभरात डेंगीचे डास तयार होतात आणि मग सगळ्या योजनेलाच नाव ठेवलं जातं.

फलकाचं विचारलंत. लावा, पण नदी आपली माता वगैरे लिहू नका. ते वाचून कुणाची बादली थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. जाळीशेजारी जमिनीवर रंगाने लिहा: "ही जाळी आंबील ओढ्यात उघडते." मुलांकडून लिहून घ्या, म्हणजे आईबाप पुसणार नाहीत. दंड सर्वसाधारण सभेत ठराव करून, सगळी सोय करून दिल्यानंतर, आणि तोही सांगूनसवरून पुन्हा करणाऱ्याला.

वस्तीवाल्यांचं राहिलं. तुम्ही कात्रजला, ओढ्याच्या वरच्या अंगाला. ते खाली. पाणी अजून तरी वरून खालीच वाहतं, त्यामुळे तुमच्या मशीनचा फेस त्यांच्या दारात जातो, त्यांची घाण तुमच्या दारात येऊ शकत नाही. त्यांच्याकडूनही कचरा पडतो, नाही असं नाही. पण तुमच्या भिंतीमागचा वास त्यांचा नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच ओढ्याला पूर आला, अरण्येश्वरला टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळली, शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसं गेली. तो पूर कुणाच्या जाळीतल्या पाल्याने आला असं म्हणणं खोटं ठरेल. पाऊस अचाट होता, आणि ओढ्याचं पात्र वर्षानुवर्षं अरुंद होत आलेलं होतं. तरी पुराचं पाणी ज्यांच्या घरात शिरतं त्यांच्या घरात ते नुसतं पाणी म्हणून शिरत नाही. वरच्या सगळ्या सोसायट्यांनी काय काय सोडलं ते घेऊन शिरतं. जाळीत पडलेल्या उष्ट्या-खरकट्यावर उंदीर पोसतात, त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पाण्यात उतरतो आणि अनवाणी पायाच्या चिरेतून माणसात. काकांना वस्तीत जायचंच असेल तर जरूर जावं, पण जूनमध्ये, पाइपांचं काम पुरं झाल्यावर. तेव्हा जाऊन नालेसफाईसाठी दोन्हीकडच्या सह्यांचा एकच अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा. सोसायटी आणि वस्ती एका कागदावर आली की तिथले साहेब जरा जास्त वेळ वाचतात. फोटो जोडा, चेंबर कुठलं ते लिहा, आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. पावसाळी वाहिनी पथ विभागाची की मलनिस्सारणची, यावर तुम्हाला खो-खो खेळवला जाईल; अर्जाची प्रत दोघांनाही द्या. सोबत पीएमसी केअर या महापालिकेच्या ऑनलाइन तक्रार सेवेवरही नोंद करून ठेवा.

तर पहिली पायरी या आठवड्यात: झाकण, रंग, नकाशा. मग सभा. विषयपत्रिकेवर 'पर्यावरण' असं लिहू नका, कोणी येणार नाही. एखाद्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून बोअरचं पाणी तपासून घ्या आणि 'आपल्या बोअरच्या पाण्याचा अहवाल व ड्राय बाल्कनीचे पाइप' असा विषय टाका. गणपूर्ती पहिल्याच वेळेला होईल.